व्हिटॅमिनच्या गोळ्या आणि मूड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी डॉक्टर नाही. फार्मसी शिकलेय आणि खानापूर भागात मेडिकलच्या काउंटरवर बसते. तिथं आणि फोनवर जे प्रश्न परत परत येतात ते इथं एका जागी केलेत, विचारणारे बेळगाव, निपाणी, चिक्कोडी, अथणीकडचे, म्हणून प्रश्न त्यांच्याच बोलण्यात ठेवलेत. एका उत्तरात आलेलं दुसरीकडं परत लिहिलं नाही, नंबर दिलाय, तिथं जाऊन बघा.

१. व्हिटॅमिनच्या गोळीनं माणूस चिडका, उदास होतो हे खरं काय ओ, की उगंच?

खरंय, पण सगळ्या गोळ्यांनी नाही आणि बहुतेक वेळा ठरलेल्या डोसात तर नाहीच. बी आणि सी ही पाण्यात विरघळणारी, जादा झालं तर बरंचसं लघवीवाटे निघून जातंय, (बी ६ मात्र याला अपवाद, प्रश्न २ बघा). ए, डी, ई, के ही चरबीत साठतात आणि तिथं जमत जमत जातात, त्यामुळं ए आणि डी जास्त झाली की त्याचा परिणाम पोटावर, हाडांवर तसा डोक्यावरही होतो. आणि दुसरी बाजू पण आहे, व्हिटॅमिन कमी असलं तरी माणूस चिडतो, रडतो, विसरतो. म्हणून "गोळीमुळं झालं" की "गोळी कमी पडली म्हणून झालं" हे नुसतं अंदाजानं ठरवू नका.

२. बी कॉम्प्लेक्स सुरू केल्यापासून रात्री झोप येईना आणि आली तर नुसती स्वप्नं पडायलीत. गोळीमुळं?

होऊ शकतंय. पहिलं बघा, गोळी रात्री जेवणानंतर घेताय का, घेत असाल तर सकाळी नाष्ट्यानंतर घेऊन बघा, बऱ्याच जणांचं एवढ्यावरच भागतंय. स्वप्नांचा संबंध बी ६ शी लावतात. ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेड विद्यापीठाच्या २०१८ च्या अभ्यासात झोपायच्या आधी २४० मिलिग्रॅम बी ६ घेतलेल्यांना स्वप्नं जास्त आठवत होती, आणि ज्यांना बी कॉम्प्लेक्स दिलं होतं त्यांनी झोप नीट लागली नाही, उठल्यावर दमल्यागत वाटलं असं सांगितलं. तो डोस फार मोठा होता हे पण लक्षात घ्या, आपल्याला दिवसाला साधारण दोन मिलिग्रॅम पुरतंय.

बी ६ महिनोन्‌महिने मोठ्या डोसात घेतलं तर हातापायाला मुंग्या येतात, बधिरपणा येतो. मग माणसाला वाटतंय बी १२ कमी झालं असेल, म्हणून तो अजून एक बी कॉम्प्लेक्स चालू करतो, त्यात परत बी ६ असतंच, आणि मुंग्या वाढतात. युरोपात २०२३ मध्ये याची वरची मर्यादा दिवसाला १२ मिलिग्रॅमवर आणली, अमेरिकेत अजून १०० आहे. आपल्याकडच्या स्ट्रिपवर पायरिडॉक्सिन (हेच बी ६) हे नाव शोधा आणि पुढचा आकडा वाचा.

३. लघवी पिवळीजर्द होतेय, कावीळ झाली काय म्हणून टेन्शन आलंय.

रायबोफ्लेविन म्हणजे बी २ मुळं तसा रंग येतो, त्यात काही नाही. डोळे पिवळे दिसत असतील तर मात्र ती वेगळी गोष्ट, दवाखान्यात दाखवा.

४. डॉक्टरनं डी ची ६०,००० युनिटवाली सॅशे (पावडरची पुडी) दिली होती, आई ती रोज दुधातून घेत होती. आता सारखी चिडते, गप्प बसून राहते, जेवण पण नको म्हणते.

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त काळजीचा वाटतो म्हणून नीट सांगते. ती सॅशे किंवा कॅप्सूल आठवड्याला एक असते, साधारण आठ आठवडे, आणि मग डॉक्टर सांगतील तसं महिन्याला एक. मोठ्या माणसाची रोजची गरज ६०० युनिट धरतात, म्हणजे एका सॅशेत शंभर दिवसांची गरज असते. दिवसाला ४,००० ही वरची मर्यादा. रोज एक याप्रमाणं महिनाभर घेतली तर पोटात १८ लाख युनिट जातात.

एवढी डी झाली की रक्तातलं कॅल्शियम चढतं आणि त्याचा डोक्यावर परिणाम होतो. चिडचिड, उदासी, सुस्ती, बोलताना गोंधळणं, आणि त्याच्याबरोबर मळमळ, बद्धकोष्ठ, सारखी तहान, सारखी लघवी. घरचे म्हणतात वय झालंय, सुनेवर राग आहे, पण तहान आणि बद्धकोष्ठ हे दोन्ही सोबत असतील तर आधी कॅल्शियम तपासा. सॅशे आणि कॅल्शियमच्या गोळ्या दोन्ही बंद करा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडं न्या, सीरम (रक्तातलं) कॅल्शियम, क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) आणि डी ची लेव्हल करायला सांगतील. किडनीवर ताण येतो म्हणून घरी पाणी पाजून वाट बघत बसू नका. आणि सॅशे बंद केली म्हणजे चार दिवसात उतरेल असं नाही, चरबीत साठलेली असते, आठवडे लागतात.

चूक होते कुठं तर चिठ्ठी इंग्रजीत, सांगणारा घाईत आणि घरी बाकीच्या सगळ्या गोळ्या रोजच्या, त्यामुळं हीपण रोजची वाटते. मी सॅशेवर पेनानं वार लिहून देते, "फक्त रविवार" असं. तुमच्या मेडिकलवाल्याला पण लिहून द्यायला सांगा, हक्कानं सांगा.

५. पावसाळ्यात चार महिने ऊन नाही, मन लागत नाही. डी घेतली की उदासी जाईल काय?

खानापूर, कणकुंबीकडचा पाऊस बघितलेल्याला हा प्रश्न पडणारच. डी कमी असेल तर अंग दुखणं, थकवा असतो आणि ती भरून काढली की बरं वाटतं. पण लेव्हल ठीक असताना उदासी घालवायचं औषध म्हणून डी घेतली तर फायदा दिसलेला नाही. अमेरिकेत पन्नाशीच्या पुढच्या १८ हजारांवर लोकांना पाच वर्षांच्या आसपास रोज २,००० युनिट डी किंवा नुसती खोटी गोळी दिली, २०२० मध्ये निकाल आला, डिप्रेशन होण्याच्या प्रमाणात फरक पडला नाही. म्हणून लेव्हल बघा, कमी असेल तर भरा, आणि मन दोन आठवड्यांच्या वर उदास असेल तर त्याचं वेगळं बघा (प्रश्न २०).

६. आमच्या घरी सगळे माळकरी. बाबांचं बी १२ एकदम कमी आलंय. ते हल्ली विसरतात, संशय घेतात, रागावतात. बी १२ नं एवढं होतंय?

होतंय. बी १२ फक्त प्राण्यांपासून येणाऱ्या खाण्यात असतं, मटण, मासे, अंडी, दूध, दही. माळ घातलेल्या घरात ते दूध-दह्यावरच येतं आणि चहातलं दूध एवढंच पोटात जात असेल तर वर्षानुवर्षं कमी पडत जातं. कमी झालं की चिडचिड, उदासी, विसराळूपणा, आणि फार कमी झालं तर भास होणं, संशय येणं इथपर्यंत जातं. हिमोग्लोबिन बरं असलं तरी हे होऊ शकतं, म्हणून "रक्त चांगलंय" एवढ्यावर थांबू नका.

माळकरी मंडळींना एक सांगते, औषधातलं बी १२ जंतूंपासून कारखान्यात बनवतात, मटण-माशातून काढत नाहीत. कॅप्सूलच्या जिलेटिनच्या टोपणाची अडचण वाटत असेल तर साधी गोळी मागा किंवा जिभेखाली ठेवायची घ्या, पण माळेपायी औषध टाळू नका.

फरक कधी पडतो? थकवा आणि मूड काही आठवड्यांत सुधारायला लागतो, मुंग्या आणि तोल जाणं याला महिने लागतात, आणि फार उशीर झाला असेल तर काही भाग राहून जातो. ज्यांचं रक्त खूपच कमी झालंय त्यांना इंजेक्शन सुरू केल्यावर पहिल्या दिवसांत पोटॅशियम उतरू शकतं, मग अशक्तपणा, छातीत धडधड होते, तसं झालं तर डॉक्टरला कळवा. आणि गोळ्या चालू असताना रिपोर्टात बी १२ जास्त आलं म्हणून घाबरू नका, गोळी चालू आहे म्हणून ते जास्त दिसतंय. गोळी न घेता जास्त आलं तर मात्र डॉक्टरला दाखवा.

७. मी मटण-मासे सगळं खायलोय, तरी बी १२ कमी कसं?

शुगरची मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू असेल तर बी १२ नीट शोषलं जात नाही, ॲसिडिटीची पँटोप्राझोल, ओमेप्राझोल रोज घेणाऱ्यांचंही तेच. गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही, शुगर चढेल. वर्षातून एकदा बी १२ तपासून घ्या एवढंच.

८. रक्त कमी म्हणून फॉलिक ॲसिडची ५ मिलिग्रॅमची गोळी स्वतःच घेतली तर चालेल ना, स्वस्त आहे.

डॉक्टरनं सांगितल्याशिवाय नको. ५ मिलिग्रॅम म्हणजे ५,००० मायक्रोग्रॅम आणि मोठ्या माणसाची वरची मर्यादा १,००० मायक्रोग्रॅमची आहे. खरी भानगड पुढं आहे, बी १२ कमी असताना नुसतं फॉलिक घेतलं तर रक्त सुधारलेलं दिसतं, रिपोर्ट चांगला येतो, आणि नसांचं, डोक्याचं नुकसान आतल्या आत चालू राहतं. आधी बी १२ बघायचं, मग फॉलिक.

९. नसांचं व्हिटॅमिन चालू होतं, बरं वाटलं म्हणून बंद केलं तर दोन दिवसात घाबरल्यागत व्हायलंय, घाम यायलाय, झोप नाही. व्हिटॅमिनची पण सवय लागते?

व्हिटॅमिनची लागत नाही. पण तुमची ती गोळी नुसतं व्हिटॅमिन नसणार. स्ट्रिप उलटी करा आणि मागची बारीक अक्षरं वाचा, मेथिलकोबालामिन (हे बी १२) याच्या आधी किंवा नंतर प्रीगॅबॅलिन, गॅबापेंटिन किंवा नॉरट्रिप्टिलिन असं काही आहे का बघा. पाय जळजळणं, कंबरेतून कळ येणं यावर अशी जोडगोळी खूप लिहितात आणि घरी तिला "नसांची गोळी", "ताकदीची गोळी" एवढंच नाव पडतं, मग शेजारणीला पण दिली जाते, तुझे पण पाय दुखतात ना म्हणून.

प्रीगॅबॅलिन हे मेंदूवर काम करणारं औषध आहे. चालू असताना गुंगी, चक्कर, कुणाला उदासी येते, आणि अचानक सोडलं तर तुम्ही सांगताय तेच होतं, घाबरणं, घाम, डोकेदुखी, झोप उडणं. ते डॉक्टर हळूहळू कमी करून सोडवतात. आज डॉक्टरला फोन करा, आणि तोवर शेजारणीची गोळी पण विचारून घ्या, तिनं किती दिवस घेतली ते. असंच भूक वाढवायच्या टॉनिकचं, त्यात सायप्रोहेप्टाडिन असेल तर पोरगं दिवसभर पेंगतं, शाळेतून तक्रार येते, आणि दोष जातो व्हिटॅमिनला.

१०. गोळी घेतल्यावर अर्ध्या तासात तोंड लाल, अंग भाजल्यागत, छाती धडधड. पॅनिक अटॅक आहे काय?

स्ट्रिपवर नायसिन किंवा निकोटिनिक ॲसिड (हे बी ३) असेल तर तो त्याचा परिणाम असू शकतो, चेहरा-मान लाल होणं, गरम वाटणं, खाज. तास-दीड तासात आपोआप ओसरतं. निकोटिनामाइड (बी ३ चाच दुसरा प्रकार) असेल तर असं होत नाही आणि बऱ्याच बी कॉम्प्लेक्समध्ये तेच असतं. श्वास अडकला, ओठ सुजले, छातीत दुखायला लागलं तर मात्र हे वाचत बसू नका, दवाखाना गाठा.

११. ज्वारीची भाकरी खाणाऱ्याला व्हिटॅमिन कमी पडतं असं ऐकलं. अथणीकडं आम्ही तिन्ही त्रिकाळ भाकरीच खातो.

याच्यामागं खरी गोष्ट आहे. बी ३ कमी पडलं की पेलाग्रा होतो, उन्हात उघड्या राहणाऱ्या कातडीवर काळे डाग, जुलाब आणि डोक्यावर परिणाम, त्यातही चिडचिड, उदासी, झोप न येणं हे लवकर दिसतं. दख्खनच्या पठारावर ज्वारीवरच जगणाऱ्या गरीब माणसांत तो दिसायचा आणि १९६० मध्ये हैदराबादच्या डॉ. सी. गोपालन आणि डॉ. श्रीकांतिया यांनी ज्वारीतल्या ल्युसिनशी (प्रथिनातला एक घटक) त्याचा संबंध मांडला. पण तेव्हा नुसती भाकरी आणि मिरची खाऊन दिवस काढणारी माणसं होती. तुमच्या ताटात भाकरीबरोबर शेंगदाण्याची चटणी, डाळ, दही असेल तर भाकरी बिनधास्त खा, शेंगदाण्यात बी ३ भरपूर असतं. दारू जास्त घेणारे आणि जेवण सुटलेले म्हातारे यांच्यात मात्र आजही लक्ष ठेवावं लागतं.

१२. केस गळतात म्हणून बायोटिन चालू केलं. आता थायरॉईड वाढलाय म्हणतात, धडधड, चिडचिड त्यामुळंच काय?

थांबा, थायरॉईडची गोळी सुरू करायच्या आधी बायोटिन चालू आहे हे लॅबला सांगा. मोठ्या डोसातलं बायोटिन (केसांच्या गोळीत ५ ते १० मिलिग्रॅम असतं, गरज ३०-४० मायक्रोग्रॅमची) काही थायरॉईड टेस्टचा आकडाच खोटा आणतं, टीएसएच कमी आणि टी ४ जास्त, म्हणजे थायरॉईड वाढल्यागत. थायरॉईडला काही झालेलं नसतं आणि माणूस त्या कागदाच्या धसक्यानं झोपत नाही. अमेरिकेच्या एफडीएनं २०१७ मध्ये याबद्दल सावध केलंय. डॉक्टरला विचारून दोन-तीन दिवस बायोटिन बंद ठेवा आणि टेस्ट परत करा.

१३. गुडघ्याला मिरजेचे डॉक्टर, शुगरला बेळगावचे, बाईंच्या तपासणीला गोव्याला. सगळ्यांनी व्हिटॅमिन दिलंय. सगळं घ्यायचं?

आपल्या भागात हे घरोघरी आहे. कोल्हापूर, मिरज, बेळगाव, गोवा, जिथं नातेवाईक तिथला डॉक्टर, आणि एकाची फाईल दुसऱ्याकडं जात नाही. कंपनीचं नाव वेगळं, रंग वेगळा, आत तेच. एका घरातली पिशवी मी काउंटरवर ओतून बघितली तर कॅल्शियमच्या गोळीत डी, मल्टिव्हिटॅमिनमध्ये डी, वर आठवड्याची सॅशे, आणि मागच्या महिन्यात डी चं इंजेक्शन झालेलं. एका इंजेक्शनमध्ये सहा लाख युनिट असू शकतात, आणि इंजेक्शनची स्ट्रिप घरात नसते म्हणून ते कुणाच्याच हिशोबात येत नाही.

सगळ्या स्ट्रिप जमिनीवर मांडा. एका कागदावर उभे रकाने आखा, डी, ए, बी ६, बी १२, फॉलिक, लोह. प्रत्येक स्ट्रिपच्या मागचा आकडा त्या त्या रकान्यात लिहा, खाली बेरीज करा, इंजेक्शन तारखेसकट लिहा. वाचता येत नसेल तर नातवाला बसवा. तो कागद पुढच्या प्रत्येक डॉक्टरला दाखवा, कुठल्या राज्यातला का असेना.

१४. जिमची पावडर आणि ताकदीची कॅप्सूल घेऊन पोरगा अंगावर यायलाय.

तिथं बहुतेक वेळा व्हिटॅमिनपेक्षा कॅफिनचा वाटा मोठा असतो, कधी जिनसेंग पण. डबा बघा, एफएसएसएआयचा १४ आकडी नंबर आणि आत काय किती हे छापलेलं पाहिजे. आणि ते नसेल, पुडी करून दिली असेल, तर ते घेऊ नका, त्यात स्टेरॉईड पण असू शकतं आणि त्यानं राग भयंकर वाढतो.

१५. बाळाला डी चे थेंब चालू आहेत, सारखं किरकिरतंय. आणि व्हिटॅमिन ए चा डोस दिला त्या रात्री पण रडलं.

थेंबांचं आधी ड्रॉपर बघा. बाळाला वर्षाच्या आत रोज ४०० युनिट पुरतात, पण एका बाटलीत एका मिलिलिटरमध्ये ४०० असतात तर दुसऱ्या बाटलीत ८००. बाटली बदलली आणि जुन्याच सवयीनं भरलं की डोस डबल. किरकिर आणि त्याबरोबर उलटी, दूध न पिणं, शी घट्ट होणं असेल तर डॉक्टरकडं न्या.

ए चा डोस सरकारी ठरलेला असतो, नवव्या महिन्याला १ लाख युनिट, मग पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी २ लाख. एखाद-दोन दिवस किरकिर, उलटी होऊ शकते, थांबते. जपायचं एवढंच की डोस दोनदा जाऊ नये. माहेर चंदगड, गडहिंग्लजला आणि सासर इकडं असलं की तिकडची नोंद एका कार्डावर, इकडची तायी कार्डावर (कर्नाटकातलं आई-बाळाचं कार्ड). दोन्ही कार्डं सोबत न्या आणि आशाताईला तारीख दाखवा.

१६. मी गरोदर आहे, रक्ताच्या गोळ्यांनी चिडचिड होतेय, बंद करू?

नको. सरकारी लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक असतं, त्यानं पोट जड, मळमळ, बद्धकोष्ठ होतं आणि त्याची चिडचिड होते. रात्री जेवणानंतर घ्या, चहा एक तास लांब ठेवा, कॅल्शियम वेगळ्या वेळी. लोह कमी राहिलं तर थकवा आणि उदासी जास्त. व्हिटॅमिन ए ची वेगळी गोळी मात्र या दिवसात स्वतःहून अजिबात नको, मोठ्या डोसानं बाळाला धोका असतो.

१७. डिप्रेशनची गोळी सोडून त्याऐवजी व्हिटॅमिन घेतलं तर?

नाही. बी कॉम्प्लेक्स, बी १२, डी हे त्या गोळीबरोबर चालतं, पण तिच्या जागी चालत नाही. ऑनलाईन मिळणारं ५-एचटीपी नावाचं सप्लिमेंट त्या गोळ्यांबरोबर घेतलं तर सेरोटोनिन (मेंदूतलं एक रसायन) धोकादायक वाढू शकतं, एसएएमई नावाच्या गोळीनं बायपोलर माणसाला उन्माद चढू शकतो. "नॅचरल" लिहिलंय म्हणून विश्वास ठेवू नका, डॉक्टरला नाव दाखवा. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन (ए च्याच कुळातलं औषध) चालू असेल तर सोबत ए नको, आणि त्या औषधात मूड उतरला तर लगेच सांगा.

१८. नवरा रोज पितो, जेवत नाही. व्हिटॅमिननं त्याचा राग कमी होईल?

राग दारूचा आहे, तो गोळीनं जाणार नाही. पण बी १ त्याला खरंच लागतं. ते संपलं की माणूस गोंधळतो, डोळे विचित्र हलतात, चालताना झोकांड्या जातात, आणि न पिता सुद्धा पिल्यागत दिसतो, म्हणून घरचे झोपू देतात. तसं दिसलं तर इमर्जन्सी आहे. आणि सलाईन लावायच्या आधी "हा रोज पितो" हे लाजू नका, सांगा, कारण ग्लुकोजच्या आधी किंवा त्याच्यासोबत बी १ द्यावं लागतं.

१९. चार-पाच गोळ्या आहेत, कुठल्या गोळीमुळं होतंय ओळखायचं कसं?

आधी डॉक्टरला विचारा कुठल्या बंद करून चालतील (प्रश्न ९ मधल्या जोडगोळ्या यात धरू नका). मग एका वेळी एकच बंद, दोन आठवडे, आणि कॅलेंडरवर रोज झोप आणि मूड एका शब्दात लिहा. सगळ्या एकदम बंद केल्या तर काहीच कळत नाही. सहा महिने काही न होता घेतलेली गोळी आणि परवापासून चिडचिड असेल तर गोळीपेक्षा परवा काय झालं ते बघा, झोप, पाळी, कर्ज, घरातलं भांडण. आणि डी साठणारी असल्यानं दोन आठवड्यांचा नियम तिला लागू नाही (प्रश्न ४).

२०. कधी वाट बघायची नाही?

माणूस गोंधळला, ओळखेना, भास होतात, सारखी उलटी होते, किंवा जगण्यात अर्थ नाही असं बोलतो, यातलं काहीही असेल तर त्याच दिवशी. मग कारण गोळी आहे की दुसरं ते नंतर बघू. मनाचं बोलायचं असेल तर १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी नंबर आहे, फुकट, दिवसरात्र, ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, भाषा निवडून बोलता येतं. धारवाडला डिमहान्स ही मानसिक आरोग्याची सरकारी संस्था आहे, बेळगावहून एसटीनं जाऊन संध्याकाळी परत येता येतं. त्या माणसाला एकटं सोडू नका, घरातल्या सगळ्या गोळ्या, व्हिटॅमिनच्या सुद्धा, त्याच्या हाताला लागणार नाहीत अशा ठेवा, आणि दवाखान्यात जाताना प्रश्न १३ मधला कागद आणि रिकाम्या स्ट्रिप सोबत घ्या.